एन्लार्जरची लेन्स बेलोजवर

डार्करूम बंद होऊन बरीच वर्षं झाली. गावोगावच्या फोटो स्टुडिओंनी डिजिटलचा रस्ता धरला, एन्लार्जर माळ्यावर गेला आणि त्याची लेन्स कुठल्यातरी कपाटात फिल्मच्या रिकाम्या डब्यांशेजारी पडून राहिली. तिला कुणी विचारत नाही. तिला ना फोकसची रिंग, ना कॅमेऱ्यावर बसणारा माउंट. पण मॅक्रो फोटोग्राफीची आवड असेल आणि नवी मॅक्रो लेन्स खिशाला परवडत नसेल, तर आधी तिच्याच मागे लागा. हेलिओससारख्या जुन्या कॅमेरा लेन्सबद्दल पुढे बोलूच, पण बेलोजवर लावायला सगळ्यात शहाणी जुनी लेन्स एन्लार्जरचीच, या मतावर मी ठाम आहे.

नेहमीची कॅमेऱ्याची लेन्स दूरच्या वस्तूसाठी आखलेली असते. माणूस दहा फुटांवर, डोंगर दहा मैलांवर, आणि प्रतिमा मात्र इवल्याशा फिल्मवर. एन्लार्जरच्या लेन्सचं काम वेगळं होतं. ३६ × २४ मिलिमीटरची निगेटिव्ह आठ-दहा पट मोठी करून सपाट कागदावर उतरवायची, आणि तीही चारही कोपरे मधल्या भागाइतकेच धारदार ठेवून. निकॉनच्या ईएल-निक्कोर ५० मिमी एफ/२.८ या लेन्सची आखणी २ ते २० पटींसाठी आहे, त्यातही ८ पटीला ती सर्वांत चोख. मॅक्रोमध्ये आपण दुसरं काय करतो? लहान वस्तू, मोठी प्रतिमा, अंतर कमी. म्हणजे या लेन्सला तिचंच जुनं काम द्यायचं आहे, फक्त निगेटिव्हच्या जागी मुंगी ठेवून.

आता थोडं गणित. बेलोज म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधला घडीचा काळा भाता आणि त्याला सरकवणारी दातेरी पट्टी. त्यात काच नसते. तो फक्त अंतर वाढवतो. लेन्स अनंतावर फोकस असताना जिथे असते तिथून जितकी पुढे न्याल, त्या अंतराला फोकल लेंग्थने भागा. आलं उत्तर म्हणजे किती पट. ५० मिमीची लेन्स ५० मिमी पुढे नेली की एकास एक, १५० मिमी पुढे नेली की तिप्पट. फुल फ्रेम सेन्सरवर एकास एक म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरची वस्तू चौकट भरते, तिप्पट म्हणजे १२ × ८ मिलिमीटरची.

निकॉनचा पीबी-६ हा बेलोज ४८ ते २०८ मिमी पसरतो. त्याच्यावर ५० मिमीची लेन्स साधारण १ ते ४ पट देईल. एकपटीच्या फारशी खाली ती येणारच नाही, कारण भाता त्याहून आवळता येत नाही. नवखे लोक इथेच फसतात. ५० मिमीची लेन्स लावतात, समोर गुलाबाचं फूल ठेवतात आणि चौकटीत फुलाचा एक तुकडा तेवढा दिसतो. फूल, फुलपाखरू, नाणं अशा विषयांसाठी ८० मिमीची एन्लार्जर लेन्स घ्या. हिशोब असा: निकॉनच्या एफ माउंटपासून सेन्सर ४६.५ मिमी आत असतो, त्यात बेलोजचे किमान ४८ मिळवले की ९४.५. ही संख्या ८० ने भागून एक वजा केला की सुमारे ०.२ पट. भाता पूर्ण ताणला की २.२ पट. १०५ मिमीची लेन्स याच बेलोजवर जवळजवळ अनंतापासून १.४ पटीपर्यंत जाते. एकच लेन्स घ्यायची असेल तर मी ८० मिमीची सुचवेन. पहिल्या महिन्यात तुम्हाला चार पटींची गरज पडत नाही, पडते ती वस्तू आणि लेन्स यांच्यात दिव्याला जागा मिळण्याची. दोन पटीला ५० मिमीची लेन्स वस्तूपासून साडेसात सेंटिमीटरवर येते, ८० मिमीची बारा सेंटिमीटरवर राहते. हे अंतर लेन्सच्या साधारण मध्यापासूनचं, म्हणजे लेन्सच्या कडेपासून मोजलं तर त्याहून कमीच.

कोणती लेन्स, कोणती नको

एन्लार्जर लेन्समध्ये ईएल-निक्कोर, श्नायडरची कॉम्पोनॉन-एस आणि रोडेनस्टॉकची रोडागॉन ही तीन नावं पाहिली की डोळे झाकून नाही, पण उघडे ठेवून घ्यावीत. सहा काचांची बांधणी असलेल्या या लेन्स आहेत. त्याच कंपन्यांच्या तीन-चार काचांच्या स्वस्त लेन्सही होत्या, त्या कामाच्या आहेत, फक्त कोपऱ्यांत थोड्या मऊ पडतात. ईएल-निक्कोरचीच एफ/४ वाली ५० मिमी चार काचांची आहे. मिळाली तर टाकू नका, पण एफ/२.८ च्या भावाने घेऊ नका.

एफ/१.४ वाल्या जुन्या लेन्सचं आकर्षण फार. बेलोजवर तिचा काही उपयोग नाही. पूर्ण उघडी ठेवून तुम्ही मॅक्रो करणार नाही, आणि ते मोठं छिद्र साधण्यासाठी आखणीत केलेल्या तडजोडी जवळच्या अंतरावर उघड्या पडतात. त्यापेक्षा एफ/१.८, एफ/२ वाली साधी नॉर्मल लेन्स बरी. सोव्हिएत हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स आपल्याकडे जुन्या झेनिट कॅमेऱ्यांबरोबर सापडते. तिचं छिद्र हाताने मागेपुढे होतं, कसलीही पिन दाबावी लागत नाही, म्हणून बेलोजवर ती सोयीची. एम४२ या आट्यांच्या माउंटच्या पुढच्या काळातल्या अनेक लेन्सच्या पाठीमागे एक बारीक पिन असते. ती दाबलेली नसेल तर रिंग कितीही फिरवा, छिद्र उघडंच राहतं. अशा लेन्सवर ऑटो-मॅन्युअलची कळ असेल तर ती मॅन्युअलवर ठेवा. कळ नसेल तर पिन दाबून धरणारी आतली कड असलेला अडॅप्टर शोधा.

अ‍ॅपर्चरची रिंगच नसलेल्या लेन्स, म्हणजे कॅननच्या ईएफ किंवा निकॉनच्या जी मालिकेतल्या, या कामातून बाद. कॅमेऱ्याकडून त्यांचं छिद्र चालवण्याची सोय साध्या बेलोजमध्ये नसते. झाइसच्या लुमिनार, लाइट्सच्या फोटार, ऑलिंपसच्या २० आणि ३८ मिमीच्या खास बेलोज लेन्स उत्तम आहेत यात वाद नाही. पण त्यांच्या किमती संग्राहकांनी कुठल्या कुठे नेल्या आहेत. सुरुवातीला त्यांच्याकडे पाहूही नये.

जुनी लेन्स हातात आली की मागून टॉर्च मारून बघा. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा निकालात दिसत नाही. आतल्या काचांवरचं धुरकट सावट मात्र दिसतं, आणि मॅक्रोमध्ये जास्तच दिसतं, कारण त्याने सगळं चित्र फिकं पडतं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास असते. काचेच्या कडेवरची जराशी बुरशी साफ होते, पण काचेचा लेप खाल्लेला असेल तर लेन्स परत करा. छिद्राच्या पाकळ्यांवरच्या तेलाने इथे फारसं बिघडत नाही, कारण आपण छिद्र आधीच लहान करून ठेवणार आहोत. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारातली कॅमेऱ्याची दुकानं, चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी हात घालून बघायला मिळतं. ऑनलाइन घेताना टॉर्चचा फोटो मागा. देत नसेल तर पुढे चला.

सुलटी की उलटी

एन्लार्जरमध्ये लेन्सची आट्यांची बाजू निगेटिव्हकडे आणि काचेवर नाव असलेली पुढची बाजू कागदाकडे असे. निगेटिव्ह लहान, कागद मोठा. मॅक्रोमध्ये एकपटीच्या वर गेलात की वस्तू लहान आणि सेन्सरवरची प्रतिमा मोठी, म्हणून आट्यांची बाजू वस्तूकडे यायला हवी. म्हणजेच लेन्स उलटी लावायची. एकपटीच्या खाली असाल तर सुलटी. नॉर्मल लेन्सलाही हाच नियम लागू आहे, उलट तिथे फरक जास्त ठळक दिसतो. २८ मिमीसारखी जुनी वाइड लेन्स तर उलटी लावल्याशिवाय बेलोजवर चालवूच नये. उलटी लावली की ती पाच पटींच्या घरात सहज जाते.

उलटी कशी लावायची? ईएल-निक्कोर ५० मिमी एफ/२.८ च्या नव्या आवृत्तीच्या पुढच्या बाजूला ४०.५ मिमीचे फिल्टरचे आटे आहेत. त्यात ४०.५ ते ५२ ची स्टेप-अप रिंग, तिच्यात निकॉनची बीआर-२ए ही रिव्हर्स रिंग किंवा तशीच एखादी स्वस्त रिंग, आणि ती बेलोजच्या तोंडावर. सुलटी लावताना लेन्सच्या मागच्या एम३९ आट्यांसाठी एम३९ ते निकॉन एफ अशी एक रिंग पुरते. बेलोज एम४२ चा असेल तर एम३९ ते एम४२ ची पितळी पातळ रिंग मिळते, ती जवळपास फुकटच समजा. उलट्या लेन्सची उघडी पडलेली मागची काच सांभाळायला तिच्या आट्यांवर एखादी एम३९ ची रिकामी रिंग चढवून ठेवा. ती हूडचंही काम करते.

आट्यांच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. बहुतेक एन्लार्जर लेन्सचे आटे लायकाच्या जुन्या मापाचे असतात: व्यास ३९ मिमी आणि इंचाला २६ आटे. जुन्या झेनिटचा एम३९ दिसायला तोच, पण त्याचा पिच पूर्ण १ मिलिमीटर. २५.४ ला २६ ने भागलं तर ०.९७७ येतात, फरक नगण्य वाटतो. पण रिंग दोन-तीन फेरे छान जाते आणि मग घट्ट बसते. तिथे जोर लावला की आटे गेले. लेथवर रिंग बनवून घेणार असाल तर टर्नरला तोंडी सांगून भागत नाही. एक चांगली मूळ रिंग नमुना म्हणून सोबत न्या.

बाकी अडॅप्टरच्या बाबतीत बेलोज फार क्षमाशील आहे. साध्या फोटोग्राफीत अडॅप्टर दशांश मिलिमीटरने चुकला की अनंताचा फोकस जातो. इथे मिलिमीटरभर चुकला तरी भाता तेवढा कमी-जास्त ताणायचा, विषय संपला. मिररलेस कॅमेऱ्याला एफ माउंटचा बेलोज लावायला इलेक्ट्रॉनिक्स नसलेला साधा अडॅप्टर पुरतो. तो डुगडुगता कामा नये, एवढंच. डुगडुगला तर फ्रेमची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते, आणि दोष लेन्सला दिला जातो.

जुना बेलोज घेताना अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च घालून भाता पूर्ण ताणा. घड्यांच्या कोपऱ्यांत ताऱ्यांसारखे ठिपके चमकले तर भोकं आहेत. दोन-चार असतील तर काळा लवचीक रबरी रंग बाहेरून लावून बुजतात, चाळणी झाली असेल तर सोडून द्या. मग दातेरी पट्टी फिरवून बघा, पुढची चौकट उभ्या दिशेत हलते का ते पाहा, आणि घट्ट करायचे स्क्रू खरंच घट्ट होतात का ते. पीबी-६ सारख्या बेलोजवर आताच्या मोठ्या पकडीच्या बॉडी थेट बसत नाहीत, खाली अडतात. मध्ये एक छोटी एक्स्टेन्शन ट्यूब टाकावी लागते. किमान अंतर तेवढं वाढतं हे गणितात धरा.

आणखी एक बारीक गोष्ट. काही एन्लार्जर लेन्समध्ये अंधारात आकडे दिसावेत म्हणून अ‍ॅपर्चरच्या पट्टीमागे प्रकाश यायची खिडकी असते. सुलट्या लेन्सवर तीच खिडकी बाहेरचा उजेड बेलोजच्या आत सोडते. काळी चिकटपट्टी लावून ती बंद करा. अडॅप्टरच्या आतली चकचकीत भिंतही तशीच त्रास देते. चित्राच्या मधोमध फिकट डाग दिसला की नव्वद टक्के तिचा प्रताप. काळा मखमली कागद लावून पाहा.

छिद्र लहान करण्याचा मोह

मॅक्रोला फोकसची खोली (डेप्थ ऑफ फील्ड) मिळत नाही म्हणून लोक एफ/१६ वर जातात आणि चित्र मऊ आलं की लेन्स जुनी आहे म्हणतात. बेलोज ताणला की लेन्सवर लिहिलेला आकडा खरा राहत नाही. त्याला पट अधिक एकने गुणा. तिप्पट असताना एफ/८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२. त्या ठिकाणी विवर्तनामुळे प्रकाशाच्या बिंदूची चकती ४० मायक्रॉनच्या वर जाते, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका बिंदूने सात पिक्सेल खाल्ले. म्हणून दोन-तीन पटीला एन्लार्जर लेन्स एफ/४ वर, फार तर एफ/५.६ वर ठेवा. एकपटीला एफ/८ चालेल.

उजेडही त्याच हिशोबाने घटतो. एकपटीला दोन स्टॉप, तिप्पटीला चार स्टॉप. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधून मोजत असल्यामुळे हे तो सांभाळतो. काही स्वस्त डीएसएलआर मात्र असली लेन्स लावली की मीटरच बंद करतात. तिथे एम मोड आणि हिस्टोग्राम. मिररलेसवर ‘लेन्स नसतानाही शटर चालू’ असा पर्याय मेनूत शोधून सुरू करा, नाहीतर कॅमेरा ढिम्म हलणार नाही.

मग एफ/४ ला खोली किती? दोन पटीला सुमारे ०.१८ मिलिमीटर, तीन पटीला ०.१ मिलिमीटर. इतकी कमी खोली एका फोटोत कुणालाच पुरत नाही, म्हणून थोडं थोडं पुढे सरकत अनेक फोटो काढून हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. त्यासाठी वस्तू हलता कामा नये. म्हणून बेलोज हे टेबलावरचं साधन आहे असं मी मानतो. वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतात तो घेऊन जाणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण मी त्यांच्याबरोबर जाणार नाही.

आणि इथे पुन्हा एन्लार्जर कामाला येतो. त्याचं डोकं काढून टाका. जाड पाट, त्यावर उभा खांब आणि खांबावर हँडलने वर-खाली होणारी पकड उरते. त्या पकडीला लोखंडी पट्टी आणि पाव इंची स्क्रूने बेलोज जोडला की ट्रायपॉडपेक्षा कितीतरी भक्कम उभा स्टँड तयार. डर्स्ट किंवा मिओप्टाचा मोडका एन्लार्जर लेन्ससकट मिळत असेल तर नुसत्या लेन्सपेक्षा तोच उचला. फोकस मात्र बेलोजची लेन्सकडची चौकट हलवून करू नका. तसं केलं की पटही बदलते आणि स्टॅकिंगला प्रत्येक फोटो वेगळ्या मापाचा मिळतो. हलवायचा तो अख्खा बेलोज, नाहीतर वस्तू. स्क्रूवर चालणाऱ्या फोकसिंग रेलचा पिच १ मिमी असेल तर एक दशांश फेरा म्हणजे ०.१ मिमी. त्याहून बारीक हवं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निकाली निघालेला, टेबल वर-खाली होणारा सूक्ष्मदर्शक शोधा. त्याचा बारीक फोकसचा नॉब या कामासाठीच जन्माला आल्यासारखा आहे.

पहिला विषय म्हणून मी दगड सुचवेन. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि त्यांच्यासोबतच्या इतर खनिजांचे स्फटिक असतात. नाशिक, जळगाव, पुणे भागातले स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हान्साइट तर खनिजप्रेमींच्या स्वप्नातलं: पांढऱ्या स्टिल्बाइटवर गडद निळ्या सुयांचे गुच्छ. नखाएवढा तुकडा पुरतो. तो हलत नाही, कोमेजत नाही, आणि त्याला मारावं लागत नाही. कीटकांचे फोटो काढणाऱ्या काहींची फ्रीजमध्ये गारठवण्याची सवय मला अजिबात मान्य नाही.

समजा गुच्छाची खोली ३ मिलिमीटर आहे. ५० मिमीची लेन्स उलटी, दोन पट, एफ/४. फोकसची खोली ०.१८, म्हणून ०.१४ मिलिमीटरच्या पावलांनी गेलात तर बावीस-तेवीस फोटो. सुरुवात सर्वांत वरच्या सुईच्याही थोडी वर करा आणि शेवट तळाच्या थोडा खाली. कडेचे दोन फोटो वाया गेले तर जाऊ द्या, मधला एक राहून गेला तर सगळं वाया. स्फटिकावर थेट उजेड पाडला की पांढरे ठिपके भाजून निघतात. ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपरची नळी करून तुकड्याभोवती उभी करा आणि बाहेरून दोन बाजूंनी उजेड द्या, एक बाजू थोडी जास्त.

उजेड कशाचा? एलईडीने फोकस बघायला सोपं जातं, पण फोटोच्या वेळी मला फ्लॅश बरा वाटतो. कमी ताकदीवर लावलेल्या छोट्या फ्लॅशची चमक इतकी आखूड असते की वरच्या मजल्यावर कुणी चाललं, रस्त्यावरून ट्रक गेला, तरी फोटो हलत नाही. एलईडी वापरलीच तर इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि चित्रावर पट्टे उमटतात. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, दोन सेकंदांचा टायमर, आणि पंखा बंद. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय स्टँडवर बंदच ठेवा. चालू राहिली तर ती कधी कधी प्रत्येक फोटोत चौकट किंचित सरकवते आणि स्टॅकमध्ये कडा दुहेरी येतात.

सॉफ्टवेअरने जोडलेल्या चित्रात सुयांच्या कडांभोवती धूसर वलयं दिसली तर बहुतेक वेळा पावलं मोठी पडलेली असतात किंवा पुढची सुई मागच्या सुईवरून आडवी जात असते. पहिली अडचण पाऊल लहान करून सुटते. दुसरीसाठी झेरीनमध्ये मूळ फोटोतला तेवढा भाग हाताने रंगवून घ्यायची सोय आहे. वेळ खातं, पण गुच्छ सुटा दिसायला लागतो. एकच पद्धत सगळीकडे चालवू नका. खोलीच्या नकाशावर चालणारी पद्धत सपाट पृष्ठभागाला आणि रंगांना चांगली, पिरॅमिड पद्धत सुयांच्या आणि केसांच्या गुंत्याला.

पावसाळ्यात बेलोज ताणलेला ठेवू नका. कापड दमट होतं, घड्या सैल पडतात आणि चिकटवलेले कोपरे सुटतात. आवळून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर कोरडं करून घ्या. स्वयंपाकाची कढई मात्र त्यासाठी वापरू नका. बुरशी लागलेली लेन्स तुमच्याकडे असेल तर तिचा डबा वेगळा.